पात्याला दिलेली टिचकी : पवनचक्की स्पर्धेच्या तयारीचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातलं आहे. महाविद्यालयाचं, स्पर्धेचं आणि मुलांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी त्या संघाची मार्गदर्शक होते. इथे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या दोन थेट माझ्या आहेत. त्या जिथे घडल्या तिथेच सांगते.

पार्श्वभूमी

ऑगस्टमध्ये स्पर्धेची नियमावली हाती आली. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाची 'कॉलेजिएट विंड कॉम्पिटिशन' २०१४ मध्ये सुरू झाली, साधारण त्याच धर्तीचे हे नियम होते. चक्कीचा फिरता भाग ४५ सेंटिमीटरच्या घनात मावला पाहिजे. विद्युतदाब ४८ व्होल्टच्या वर जाता कामा नये. चक्कीत बॅटरी चालणार नाही. आयोजकांच्या वायुबोगद्यात, म्हणजे हव्या त्या वेगाचा वारा सोडता येणाऱ्या बोगद्यात, प्रत्येक चक्कीची परीक्षा होणार. किती कमी वाऱ्यात ती आपली आपण सुरू होते, ५ ते ११ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात किती वॅट देते, बटण दाबल्यावर थांबते का, आणि लोडची, म्हणजे तिची वीज वापरणाऱ्या उपकरणाची, तार अचानक काढली तर काय करते, हे तिथे तपासणार. शिवाय एक लेखी अहवाल आणि परीक्षकांपुढे सादरीकरण.

४५ सेंटिमीटर व्यासाच्या चक्कीच्या वाट्याला वारा येतो तरी किती, हे आधी सांगायला हवं. पात्यांनी घेरलेलं क्षेत्रफळ ०.१५९ चौरस मीटर. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. म्हणून ५ मीटरच्या वाऱ्यात या वर्तुळातून जेमतेम १२ वॅट वाहतात आणि ११ मीटरच्या वाऱ्यात सुमारे १३० वॅट. त्यातले ५९.३ टक्क्यांहून जास्त कुठल्याच चक्कीला काढता येत नाहीत, ही बेट्झची मर्यादा. एवढ्या छोट्या चक्कीला पंचवीस-तीस टक्के मिळाले तरी ते चांगलं काम. म्हणजे ५ मीटरच्या वाऱ्यात सगळी झुंज तीनेक वॅटांसाठी. बेअरिंगमधलं घट्ट ग्रीससुद्धा तिथे मोठा वाटेकरी ठरतं.

संघात अकरा जण होते, सात मेकॅनिकलचे आणि चार इलेक्ट्रिकलचे. महाविद्यालयानं सत्तर हजार रुपये मंजूर केले. संघप्रमुख मुलगी चौथ्या वर्षाची, अभ्यासात पहिली, संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये तयार. पात्यांचा गट तिच्याकडे गेला. इलेक्ट्रिकलच्या दोघांनी कंट्रोल सर्किट घेतलं. एक मुलगा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला होता. त्याच्या वडिलांचं तालुक्याच्या गावी शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान. त्याला 'फॅब्रिकेशन' दिलं गेलं, म्हणजे कापणं, घासणं, भोकं पाडणं. ही वाटणी मुलांनी केली आणि मी ती बघून मान डोलावली. ही माझी पहिली चूक.

पहिले तीन महिने

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ पात्यांचा होता, आणि त्यात मन लावून काम झालं हे सांगितलंच पाहिजे. पात्याच्या छेदाचा आकार निवडताना मुलींनी सुरुवातीला मोठ्या चक्क्यांसाठीची आकडेवारी घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याच लक्षात आलं की आपल्या पात्याची रुंदी तीन सेंटिमीटर, टोकाचा वेग सेकंदाला चाळीस मीटर, म्हणजे रेनॉल्ड्स अंक (पात्याची रुंदी आणि हवेचा वेग यांवरून निघणारा, हवा पात्यावरून कशी वाहील ते सांगणारा अंक) जेमतेम ऐंशी हजार. एवढ्या लहान अंकाला हवा पात्याच्या पाठीवर नीट चिकटून राहत नाही, मधेच सुटते. दहा लाखांच्या अंकाला मोजलेले गुण इथे लागू पडत नाहीत. मग छोट्या चक्क्यांसाठीच तयार केलेला एसजी ६०४३ हा छेद घेतला, क्यूब्लेड या पवनचक्क्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गणितं पुन्हा केली, आणि सातव्या आवृत्तीला सिम्युलेशननं चाळीस टक्के कार्यक्षमता दाखवली. ११ मीटरच्या वाऱ्यात ५२ वॅट. त्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये वडापावची पार्टी झाली.

त्या गणितात हवेची घनता समुद्रसपाटीची, घनमीटरला १.२२५ किलो, धरली होती. आमचं गाव सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथे ती १.१ च्या जवळ असते. म्हणजे दहा टक्के वॅट कागदावरच जास्त होते. तसा हा किरकोळ तपशील, पण पुढे अहवालात तो दुरुस्त करताना संघप्रमुखाला बराच त्रास झाला.

जनरेटरचा निर्णय मात्र एका बैठकीत, वीस मिनिटांत झाला. ड्रोनची एक मोठी ब्रशलेस मोटर ऑनलाइन मागवायची आणि ती उलटी वापरायची. बाहेरून फिरवली की वीज देते, स्वस्त आहे, चार दिवसांत येते. मोटर आली तेव्हा डिप्लोमाच्या मुलानं ती हातात घेऊन बोटांनी फिरवून पाहिली. तो म्हणाला, "ताई, ही अडतीय. दर थोड्या अंतरावर खटका लागतोय." संघप्रमुख म्हणाली, "लोहचुंबक आहेत ना आत, तसं लागणारच." ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. मोटरच्या स्थिर भागाच्या, म्हणजे स्टेटरच्या, लोखंडी दातांना फिरत्या भागाची, म्हणजे रोटरची, चुंबकं धरून ठेवतात, इंग्रजीत त्याला कॉगिंग म्हणतात. मीही तिथेच उभी होते. किती अडते, हे मोजून बघूया, असं आमच्यापैकी कुणीही म्हटलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी प्राचार्यांसमोर प्रात्यक्षिक झालं. वर्कशॉपमधला मोठा औद्योगिक पंखा समोर लावला. चक्की काही हलेना. एका मुलानं पुढे होऊन पात्याला हलकी टिचकी दिली. चक्की फिरायला लागली, एलईडीची पट्टी उजळली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य खूश होऊन गेले. त्या दिवसाचा व्हिडिओ आमच्याकडे आहे. मी तो नंतर कितीदा तरी पाहिलाय. टिचकी त्यात स्पष्ट दिसते, आणि ती देणाऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही.

डिसेंबर परीक्षांत गेला.

अडचण उघडी पडते

आमच्याकडे एवढी चक्की मावेल असा वायुबोगदा नाही. जानेवारीत आम्ही छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं घेतला. त्याच्या हौद्यात लोखंडी चौकट उभी करून चक्की केबिनच्या दीड मीटर वर बसवली, म्हणजे केबिनवरून उसळणारी हवा तिला लागू नये. बाजूला त्याच उंचीवर वारा मोजायचं यंत्र. औद्योगिक वसाहतीतल्या एका सरळ, रिकाम्या रस्त्याची परवानगी काढली आणि पहाटे साडेपाचला, हवा पडलेली असताना, टेम्पो पुढे-मागे पळवायला सुरुवात केली. दोन्ही दिशांची सरासरी घ्यायची, म्हणजे असलेला थोडाफार वारा आपोआप वजा होतो.

ताशी १८ किलोमीटर म्हणजे ५ मीटरचा वारा. चक्की हलली नाही. पंचवीसलाही नाही, तिशीतही नाही. पस्तीसला पाती नुसती थरथरली. काटा चाळीसला टेकला आणि चक्की एकदम सुटली, जोरात फिरू लागली. गंमत म्हणजे मग टेम्पोचा वेग वीसवर आणला तरी ती फिरतच राहिली. चक्की पूर्ण थांबवून पुन्हा पाहिलं, तर परत चाळीसच.

स्पर्धेत चक्कीला टिचकी द्यायला कुणी नसणार. ५ मीटरला जिला वीज द्यायची आहे, ती ११ मीटरशिवाय जागची हलत नव्हती. स्पर्धा मार्चच्या मध्यावर होती. हातात आठ आठवडे उरले होते.

परतल्यावर वर्कशॉपमध्ये कुणी फारसं बोलत नव्हतं. तेव्हा डिप्लोमाच्या मुलानं दोन सेंटिमीटर त्रिज्येची एक कप्पी मोटरच्या शाफ्टवर बसवली, तिला दोरा गुंडाळला आणि दोऱ्याच्या टोकाला कागदी कप बांधून त्यात वजनं टाकत गेला. १९० ग्रॅमला शाफ्ट हलला. संघप्रमुखानं समोर बसून उभ्या पात्यांना ५ मीटरच्या वाऱ्यात किती टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मिळतो याचं गणित केलं. त्याच कप्पीवर तो ३८ ग्रॅमच्या वजनाइतका भरला. पाचास एक. टॉर्क वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पाचाचं वर्गमूळ २.२४, गुणिले ५ मीटर, म्हणजे ११.२ मीटर, म्हणजेच ताशी चाळीस किलोमीटर. टेम्पोनं पहाटे जे सांगितलं होतं, ते कागदावर जसंच्या तसं उतरलं.

एक गोष्ट इथे समजून घेण्यासारखी आहे. फिरत्या चक्कीला हे खटके फारसे जाणवत नाहीत, कारण चुंबक एका बाजूला जेवढं अडवतं तेवढंच पुढच्या क्षणी ओढूनही देतं. सिम्युलेशनमध्ये चक्की पहिल्यापासून फिरतीच धरलेली असते. प्रात्यक्षिकात ती हातानं फिरवलेली होती. जागच्या जागी उभ्या असलेल्या चक्कीकडे तीन महिन्यांत कुणीच पाहिलं नव्हतं.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी फळ्यावर चार रस्ते लिहिले.

पहिला, पाती बदलायची. मुळाशी रुंद आणि जास्त पीळ असलेली पाती सुरुवातीला जास्त जोर देतात. यानं टॉर्क दुप्पट झाला असता, पाचपट नाही. तरीही हा रस्ता स्वस्त होता आणि दुसऱ्या कुठल्याही पर्यायासोबत जमण्यासारखा होता.

दुसरा, पाती आपल्या अक्षाभोवती फिरवण्याची यंत्रणा. सुरुवातीला पाती वाऱ्याकडे जास्त वळवायची, वेग आला की मूळ कोनात आणायची. मोठ्या चक्क्या हेच करतात. दोघा मुलांना हे करायची फार हौस होती. पण पाती जिथे जोडलेली असतात त्या बोटाएवढ्या हबमध्ये तीन पाती एकाच वेळी वळवायची, तीही आठ आठवड्यांत, आणि त्यासाठी लागणारी वीज चक्की सुरू होण्याआधी आणायची कुठून, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

तिसरा, कमी खटक्यांची दुसरी तयार मोटर शोधणं. पुण्यात तपकीर गल्लीत दोघं जण दिवसभर हिंडले, पाच-सहा मोटारी बोटांनी फिरवून पाहिल्या. जी हलकी फिरत होती ती फार छोटी होती. स्टेपर मोटर तर आमच्या मोटरपेक्षाही जास्त अडत होती.

चौथा, जनरेटर स्वतः बनवायचा, तोही स्टेटरमध्ये लोखंडच नसलेला. दोन पोलादी तबकड्यांवर चुंबकं, मधल्या फटीत रेझिनमध्ये ओतलेली तांब्याची वेटोळी. स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉट यांनी घरगुती पवनचक्क्यांसाठी लोकप्रिय केलेली हीच पद्धत, आम्हाला ती तळहाताएवढी करायची होती. लोखंड नाही म्हणजे खटका नाही. पण लोखंड नसल्यानं चुंबकीय क्षेत्र विरळ होतं, त्याची भरपाई जास्त वेढ्यांनी करावी लागते. वेढे वाढले की तारेचा रोध वाढतो, आणि जोराच्या वाऱ्यात बरीच वीज वेटोळी तापवण्यात जाते. कमी वाऱ्यात फायदा, जास्त वाऱ्यात तोटा.

चर्चा दोन तास चालली. संघप्रमुख तिसऱ्या पर्यायाच्या बाजूनं होती. तिचं म्हणणं रास्त होतं, ज्यातलं काही कळत नाही ते आठ आठवड्यांत हातानं बनवायचं हा जुगार आहे. मग मी डिप्लोमाच्या मुलाला विचारलं. तो थोडा थांबून म्हणाला, "मॅडम, वाइंडिंग मला येतं. आठवीपासून दुकानात हेच करतोय." पाच महिन्यांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्याच्या अर्जावर 'अनुभव' या रकान्यात त्यानं काहीही लिहिलं नव्हतं. दुकानातल्या कामाला अनुभव म्हणायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चौथा आणि पहिला पर्याय एकत्र घ्यायचे ठरलं. तीन आठवड्यांची मुदत घातली. तोवर हातानं बनवलेला जनरेटर उभा राहिला नाही तर तपकीर गल्लीतली छोटी मोटर लावायची आणि कमी वॅटवर समाधान मानायचं. ही परतीची वाट आधीच ठरवून ठेवल्यामुळे संघप्रमुखही मनापासून कामाला लागली.

जनरेटर उभा राहतो

बारा सेंटिमीटरच्या दोन तबकड्या लेथवर कापल्या. प्रत्येकीवर आठ निओडिमियम चुंबकं, एकाआड एक उत्तर-दक्षिण. मध्ये सहा वेटोळी, तीन फेजची, म्हणजे दोन-दोनच्या तीन गटांची. तार मुलाच्या वडिलांच्या दुकानातून आली. वेटोळी गुंडाळायचा साचा त्यानं लाकडात कोरला. पहिल्या स्टेटरला वेटोळ्यामागे शंभर वेढे घातले. लेथच्या चकमध्ये धरून फिरवला आणि हिशेब केला, तर ११ मीटरच्या वाऱ्याच्या वेगाला दाब साठ व्होल्टच्या वर जात होता. नियमात मर्यादा ४८ ची. शिवाय रेझिन सुकताना स्टेटर वाकडा झाला होता, एका बाजूला तबकडीला घासत होता. तो टाकून दिला. दुसऱ्याला साठ वेढे, थोडी जाड तार, आणि रेझिन सुकेपर्यंत दोन जाड काचांमध्ये दाबून ठेवला. हा सरळ निघाला.

बेअरिंगची रबरी सील काढली, आतलं ग्रीस पेट्रोलनं धुतलं, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले. मग पुन्हा तीच कप्पी, तोच दोरा, तोच कागदी कप. सहा ग्रॅमला शाफ्ट फिरला.

१९० वरून सहावर. त्या वेळी वर्कशॉपचे मामा तिथे होते. त्यांनी शाफ्ट बोटानं फिरवला आणि तो फिरतच राहिला, तसे ते नुसते हसले.

कंट्रोल सर्किटमध्येही एक छोटी सुधारणा झाली. उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला वळवणाऱ्या रेक्टिफायरमधल्या साध्या डायोडच्या जोडीत जवळजवळ दीड व्होल्ट जात होते. मंद वाऱ्यात सगळा मिळून पाच-सहा व्होल्टचा दाब, त्यातले दीड असेच गेले तर उरणार काय? शॉट्की डायोड लावले, तोटा निम्म्याहून कमी झाला.

फेब्रुवारीतली पहाट

आता जे सांगायचं आहे ते लिहिणं मला जड जातंय.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टेम्पोवरची चाचणी उत्तम चालली होती. चक्की ताशी तेरा किलोमीटरलाच सुरू होत होती. मुलं आनंदात होती. एकाला वाटलं, समोरून छान व्हिडिओ मिळेल. तो मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून टेम्पोच्या बरोबरीनं चित्रीकरण करू लागला. त्यानं मला विचारलं होतं. मी 'जरा लांबून' एवढंच म्हणाले. ही माझी दुसरी चूक.

टेम्पो पन्नासला होता. कंपनानं लोडची एक तार टर्मिनलमधून निसटली. लोड गेला तसा चक्कीवरचा लगाम गेला. एरवी मिनिटाला १,७०० ते २,३०० फेरे घेणारी चक्की साडेचार हजारांच्या वर पोचली असावी. पात्याला मुळाशी बसणारी ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढते. २५ ग्रॅमच्या पात्याला नेहमीच्या चालीत आठ किलोंची ओढ असते, ती साठ किलोंवर गेली. एक पातं मुळातून तुटलं आणि मोटारसायकलच्या पुढून रस्त्याकडेच्या चरात जाऊन पडलं. नंतर पावलांनी अंतर मोजलं, मुलांपासून जेमतेम नऊ पावलं.

कुणाला काही लागलं नाही. आठवडाभर आम्ही सगळ्या चाचण्या बंद ठेवल्या. मी विभागप्रमुखांना लेखी कळवलं आणि दोन्ही मुलांच्या घरी फोन करून घडलं ते सांगितलं.

मग कारणं शोधली. पाती थ्रीडी प्रिंटरवर उभी छापलेली होती, कारण उभी छापली की पृष्ठभाग गुळगुळीत येतो. पण त्यामुळे प्लास्टिकचे थर पात्याच्या लांबीला आडवे बसतात, आणि ओढ लागली की दोन थरांमधला सांधा उघडतो. तुटलेल्या मुळाशी कापल्यासारखा सपाट छेद होता. पात्यांच्या गटानं हा दोष स्वतः ओळखला आणि लपवला नाही, याचं मला कौतुक वाटतं.

त्याहून मोठा दोष ब्रेकमध्ये होता. आमच्या रचनेत थांबायचा हुकूम आला की मायक्रोकंट्रोलर रिलेला, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचला, वीज देणार, रिले तिन्ही फेज एकमेकांना जोडणार आणि जनरेटर स्वतःच ब्रेक बनणार. म्हणजे थांबण्यासाठी वीज लागणार. आणि वीज जाते किंवा तार निसटते, नेमकं तेव्हाच थांबायचं असतं.

या टप्प्यावर दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं तिची वही काढली. ऑक्टोबरमध्ये अहवालासाठी आम्ही पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर गेलो होतो, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर, जिथे पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. तिथल्या एका तंत्रज्ञानं मुलांना सांगितलं होतं, ते तिनं शब्दशः लिहून घेतलं होतं: "ब्रेक लावायला दाब लागत नाही, ब्रेक सोडून धरायला दाब लागतो. ग्रिड गेला की दाब गेला, ब्रेक आपोआप बसला." हा दाब विजेचा नव्हे, ब्रेकमधल्या तेलाचा. तेव्हा ते वाक्य आमच्या अहवालातल्या एका परिच्छेदात गेलं होतं. आमच्या सर्किटपर्यंत पोचलं नव्हतं.

रिले उलटा केला. आता वीज नसली की फेज जोडलेले, म्हणजे ब्रेक लागलेला, आणि वीज मिळाली तरच ब्रेक सुटलेला. पण मग चक्की सुरू कशी होणार? सुरुवातीला वीजच नाही, म्हणजे ब्रेक लागलेलाच. हा पेच दोन दिवस सुटेना. शेवटी नियमावली पुन्हा वाचली. लोडच्या बाजूला आयोजक १२ व्होल्टचा पुरवठा देणार होते आणि तो चक्कीकडे नेण्यास मनाई नव्हती. लोडच्या तारांबरोबरच ती १२ व्होल्टची जोडी चक्कीकडे आणली आणि रिले तिच्यावर धरून ठेवला. जोडणी तुटली की रिले पडतो, ब्रेक बसतो. खऱ्या चक्कीला ग्रिड जसा, तसा आमच्या चक्कीला तो पुरवठा.

नवी पाती आडवी छापली, मुळात कार्बनची सळई घातली, पृष्ठभाग हातानं घासून गुळगुळीत केला. छापताना आकार थोडा बिघडतो, त्यामुळे सिम्युलेशनमधले काही टक्के इथे सोडून द्यावे लागले. संघप्रमुखानं ते स्वतःहून सोडले. मग ड्रोनची ती बाजूला पडलेली मोटर पुन्हा कामाला आली. वाळूच्या पोत्यांच्या कोंडाळ्यात तिच्यावर पाती बसवून, सगळ्यांनी भिंतीमागे उभं राहून, पाच हजार फेऱ्यांपर्यंत फिरवली. टिकली. स्पर्धेला जाईपर्यंत टेम्पोवर पुन्हा चाचणी घेतली ती फक्त पाती जाळीच्या आड ठेवून, आणि सोबत दुसरं कुठलंही वाहन न नेता.

निकाल

वायुबोगद्यात चक्की ३.३ मीटरला आपली आपण सुरू झाली. ५ मीटरला २.२ वॅट, ८ मीटरला दहा, ११ मीटरला २३. कागदावरच्या ५२ च्या निम्म्याहून कमी. ११ मीटरला वेटोळी तापत होती, वॅटचा आकडा परीक्षकांसमोर हळूहळू खाली सरकताना दिसत होता. बटण दाबून थांबवणं आणि तार काढून थांबवणं, दोन्ही परीक्षांत पूर्ण गुण मिळाले. तार काढली तेव्हा आमच्या बाजूनं कुणी श्वास घेत नव्हतं. खट्ट आवाज आला आणि चक्की मंदावली.

चौदा संघांत आम्ही सातवे आलो.

निर्णयाचे क्षण, मागे वळून पाहताना

पात्यांवर तीन महिने घालवले ते चूक नव्हतं, पण फक्त पात्यांवर घालवले हे चूक होतं. ऑक्टोबरमध्येच ओबडधोबड लाकडी पाती, हीच ड्रोनची मोटर आणि एक बल्ब, एवढं जोडून टेम्पोवर नेलं असतं, तर चाळीसचा आकडा तीन महिने आधी दिसला असता. पवनचक्कीत पाती आणि जनरेटर वेगवेगळे उत्तम असून भागत नाही. एकाचा जोर आणि दुसऱ्याचा अडसर एकत्रच पाहावे लागतात. पात्यांची सातवी आवृत्ती येण्याआधी सगळ्या चक्कीची पहिली आवृत्ती यायला हवी होती.

जनरेटरबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. गुणांची विभागणी नंतर नीट मांडली तेव्हा दिसलं की ८ ते ११ मीटरच्या टप्प्याला बरेच गुण होते. चुंबकं थोडी जाड घेतली असती, तबकड्यांमधली फट एक मिलिमीटरनं कमी केली असती, तर कमी वेढ्यांत तोच दाब मिळाला असता आणि तापणं घटलं असतं. त्यासाठी स्टेटर आणखी पातळ आणि आणखी सरळ ओतावा लागला असता. तिसरा स्टेटर करायला आठवडा हवा होता, तो फेब्रुवारीच्या अपघातात गेला. तो आठवडा थांबण्यात घालवला याची मला खंत नाही.

कामाच्या वाटणीबद्दल मात्र खंत आहे. आमच्याकडे डिप्लोमा करून आलेल्या मुलांना पहिल्या बैठकीपासून हत्यारं दिली जातात आणि टॉपर मुलांना संगणक. अडतंय म्हणून सांगणाऱ्या मुलाचं बोट बरोबर होतं. त्याच्याकडे ते सांगायला आकडा नव्हता, आणि आकडा काढायची रीत आमच्याकडे असून आम्ही ती वापरली नाही. दोरा, कप आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली वजनं, एवढंच लागत होतं. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम.

सुरक्षेबाबत विभागानं आता लेखी नियम केला आहे. फिरत्या चक्कीच्या पात्यांच्या पातळीत, म्हणजे पातं तुटलं तर ज्या दिशेला उडेल त्या बाजूला, कुणीही उभं राहायचं नाही. चित्रीकरण कॅमेरा चौकटीवर बसवूनच. टेम्पोवर न्यायच्या आधी पाती दीडपट वेगाला पोत्यांच्या आत फिरवलीच पाहिजेत. आणि ब्रेकची परीक्षा पहिल्या आठवड्यात घ्यायची, शेवटच्या नाही.

यंदाच्या संघाचा जनरेटर गट तोच मुलगा चालवतो, तो आता तिसऱ्या वर्षाला आहे. संघप्रमुख मुलगी नोकरीला लागली, पण रविवारी फोनवर दोघांचा स्टेटरच्या जाडीवरून वाद अजून चालतो. तिचं म्हणणं आठ मिलिमीटर, त्याचं म्हणणं सहा. सहाचा साचा तयार आहे, रेझिन अजून ओतलेलं नाही.